माहा फोन चालते

बारापात्रेजींना कोणी "कसे आहात?" असं विचारलं, तर ते स्वतःबद्दल काही सांगत नसत. शर्टाच्या वरच्या खिशावर पंजा ठेवून म्हणत, "माहा फोन चालते जी." तब्येत, पेन्शन, पोराची नोकरी, पाऊसपाणी, सगळ्याचं उत्तर त्या एका वाक्यात यायचं. विचारणारा नवखा असला तर त्याला वाटे, यांचा फोन मध्यंतरी बिघडला असेल आणि आता दुरुस्त होऊन आला असेल. तसं काही नव्हतं. तो फोन चालतो की नाही, याबद्दल आमच्या वसाहतीत, म्हणजे ले-आउटमध्ये, कायमची दोन मतं होती. एक बारापात्रेजींचं आणि दुसरं उरलेल्या सगळ्यांचं.

वर्धा रोडवरून आत वळलं की आमचं ले-आउट. आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हा ट्रकमधून सामान उतरत असतानाच ते कंपाउंडच्या भिंतीपलीकडे येऊन उभे राहिले. बुटका, काटक माणूस, पांढरे केस तेल लावून मागे चापून बसवलेले. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढून नुकतेच रिटायर झाले होते. मी विचारलं, इथल्या गॅसवाल्याचा नंबर आहे का?

"आहे ना! एक मिनिट थांबा वहिनी," म्हणून त्यांनी खिशातून फोन काढला. मी असा फोन आधी पाहिला नव्हता. चांगला जाडजूड, काळा, मागचं झाकण उघडू नये म्हणून त्यावर रबर बँड चढवलेला. बाजूला सरकवला की पोटातून बारीक बारीक बटणांचा खण बाहेर यायचा. त्यांनी एका काडीनं पडद्यावर टोचायला सुरुवात केली. टोचलं, थांबले, परत टोचलं. माझा फ्रीज उतरला, कपाट उतरलं. तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला आणि तिनं नंबर तोंडपाठ सांगून टाकला. ही आमची नलूताई.

"लिहून घे वं बाई," ती दारात येऊन म्हणाली, "त्यायच्या फोनवर नंबर येईलोक तुह्या घरचा चहा व्हायचा नाही."

बारापात्रेजी टोचतच राहिले. पुष्कळ वेळानं त्यांनी भिंतीवरून फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर तोच नंबर होता. "पाहा," ते म्हणाले, "चालते."

त्या फोनच्या आत लिनक्स होतं. लिनक्स म्हणजे काय, हे मला त्यांनी इतक्या वेळा समजावलं की शेवटी मी समजल्याचं कबूल करून टाकलं. कोणा एकाच्या मालकीची नसलेली, ज्याला येतं त्यानं उघडून दुरुस्त करावी अशी यंत्रणा, एवढं माझ्या डोक्यात शिरलं. फिटरला त्याचं प्रेम वाटणं साहजिकच होतं. ज्या कंपनीनं तो फोन काढला, तिनंही पुढे त्याची आशा सोडली. बारापात्रेजींनी सोडली नाही. त्यांचं घराणं उमरेडच्या कोष्ट्यांचं, वडील हातमागावर लुगडी विणायचे. त्यामुळे त्यांच्याकडे एक ठेवणीतलं वाक्य होतं. "धागा तुटला म्हणून कोणी माग जाळते का? गाठ माराची आन् पुढं जाचं." नळ गळायला लागला, शेजारच्या नवरा-बायकोचं भांडण झालं, कोणाच्या पोराचा पेपर वाईट गेला, सगळीकडे हे वाक्य लागू पडायचं. मुख्यतः ते फोनला लागू होतं.

आता इतका म्हातारा फोन आजचं इंटरनेट कसं बघणार? त्याला तर आजची एक साईट धड उघडता येईना. म्हणून बारापात्रेजींनी देवघराच्या फळीखाली एक जुना कॉम्प्युटर कायमचा चालू करून ठेवला होता. त्याला ते डबा म्हणत. हा डबा इंटरनेटवरून पान आणायचा, त्यातली चित्रं, जाहिराती, हलणारं-डुलणारं सगळं संत्र्यासारखं सोलून काढायचा आणि उरलेल्या फोडी फोनला भरवायचा. नलूताई त्या डब्याला घरजावई म्हणायची. "दिवसभर बसून लाइट खाते आन् घूं घूं करते. हलव म्हटलं तं हलत नाही."

लाइट गेली की घरजावई झोपायचा आणि बारापात्रेजी जिथे असतील तिथे आंधळे व्हायचे. मग त्यांचा घरी फोन यायचा, "नलू, डब्याचं बटण दाब." नलूताईचे हात कणकेत असोत की ती पूजेला बसलेली असो, उठून देवघराखाली वाकायचं आणि बटण दाबायचं. गुडघ्यांनी कुरकुर सुरू केल्यावरही ती वाकायची. मी एकदा म्हटलं, "बटण वर घेऊन द्या ना हो त्यांना." बारापात्रेजी लगेच म्हणाले, "बरोबर आहे, करतो." आणि त्यांनी फोनमध्ये त्याची नोंद केली. बटण शेवटपर्यंत खालीच राहिलं.

एकदा त्यांना मुलाकडे पुण्याला जायचं होतं. तिकीट आपल्याच फोनवर काढणार, असा त्यांनी पण केला. सकाळी आंघोळ करून बसले. सगळं भरून झालं आणि शेवटी साईटनं विचारलं, तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करा. त्यासाठी खालच्या चित्रांतली बसची चित्रं निवडा. आता चित्रं तर डब्यानं सोलून फेकलेली! बारापात्रेजींच्या पडद्यावर नुसते रिकामे चौकोन. त्यांनी अंदाजानं दाबले. साईट म्हणाली, नाही. परत दाबले. परत नाही. जेवायची वेळ टळून गेली तरी हा गृहस्थ आपण माणूस आहोत हे सांगतोय आणि समोरचा ऐकत नाही.

नलूताई पदराला हात पुसत बाहेर आली. "इतल्या वर्षांपासून मी बी तेच म्हणून राहिली," ती मला म्हणाली. "आज इंटरनेटनं बी सांगतलं."

मग ती आत गेली आणि तिनं आपल्या फोनवर तिकीट काढलं. बारापात्रेजी त्या तिकिटावर पुण्याला गेले आणि परत आल्यावर मला म्हणाले, रेल्वेच्या डब्यातल्या लोकांना मी आपला फोन दाखवला, सगळे पाहतच राहिले.

हेच मला राहून राहून बोचायचं. त्यांचा फोन चालावा म्हणून नलूताईला स्वतःचा एक नवा फोन बाळगावा लागे. विजेचं बिल तिच्या फोनवर, गॅस तिच्या फोनवर, डॉक्टरची वेळ तिच्या फोनवर. ले-आउटच्या ग्रुपवर पाणी येणार नाही असा निरोप आला की तोही तिनंच सांगायचा. बँकेतून ओटीपीचा आकडा आला की ती चष्मा शोधत धावायची आणि हे पडद्यावरून मान न काढता म्हणायचे, "सांग लवकर, वेळ निघून जाते." बारापात्रेजी पूर्ण स्वावलंबी होते आणि त्यांचं स्वावलंबन नलूताई चालवत होती. हे मी त्यांना तोंडावर म्हटलंही होतं. ते मनापासून हसले, कारण त्यांना वाटलं मी नलूताईचं कौतुक करते आहे.

मग एक दिवस फोन खरंच बंद पडल्यासारखा झाला. फोन आणि डबा एकमेकांशी बोलायच्या आधी एक ओळखपत्र बघत असत. ते ओळखपत्र कधीकाळी बारापात्रेजींनीच बनवलं होतं, लांबची मुदत घालून. ती मुदत संपली. नवं बनवलं तर ते नव्या पद्धतीचं आणि म्हाताऱ्या फोनला ते वाचता येईना. आठवडाभर बारापात्रेजींनी दाढी केली नाही. नलूताईच्या चेहऱ्यावर मात्र आशा दिसायला लागली होती. आणि मग एका सकाळी ते चकचकीत दाढी करून भिंतीशी आले.

"ओळखपत्र नाही बदललं," ते म्हणाले. "तारीख बदलली."

त्यांनी फोनची तारीखच मागे नेली होती, ओळखपत्राची मुदत चालू होती त्या काळात. तेही उगाच कुठेतरी नाही, बरोबर अकरा वर्षं मागे. कारण त्या वर्षीचे वार आणि यंदाचे वार एकास एक जुळतात. सोमवारी सोमवार, बुधवारी बुधवार. "आता फोनले वाटते की मुदत बाकी आहे. आपण फक्त मनात अकरा जोडाचे." त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही. मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही अकरा वर्षांनी तरुण झालात म्हणायचं." ते म्हणाले, "फोन झाला जी. मी कायले होऊ?"

त्यानंतर काही दिवसांनी आमचं भांडण झालं. ले-आउटच्या मोकळ्या जागेवर त्यांनी कोणाला न विचारता एक सिमेंटचा बाक आणून बसवला. मी तेव्हा कमिटीची सेक्रेटरी. मी म्हटलं, परवानगी तरी घ्यायची. ते म्हणाले, "मी तुम्हाले लेखी कळवलं होतं. मेल केला होता."

"मला मेल आला नाही."

"माहा फोन चालते, वहिनी."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"मी तसं म्हणलं नाही. पण माह्या फोनात मेल गेल्याचं दिसते."

आम्ही बरेच दिवस बोललो नाही. नलूताई भिंतीवरून भाजी द्यायची, मी घ्यायची आणि त्या व्यवहारात बारापात्रेजींचा विषय दोघी टाळायचो. बाक मात्र चांगला होता. मी कोणी नाही असं पाहून त्यावर बसायची.

आता निखिलबद्दल सांगायला हवं. निखिल त्यांचा एकुलता एक मुलगा. आधी इथल्याच मिहान उद्योगवसाहतीत एका कंपनीत होता, मग पुण्याला गेला. काम काय, तर फोनवर चालणारे ॲप बनवायचे. बापाच्या दृष्टीनं पोरगा शत्रूच्या छावणीत नोकरीला होता. ही त्याआधीच्या दिवाळीची गोष्ट, बाकाच्या भांडणाच्या पुष्कळ आधीची. मी फराळाचं ताट घेऊन गेले होते. निखिलनं बापासाठी नवा फोन आणला होता. बारापात्रेजींनी खोक्याला हात लावला नाही.

"बाबा, तुमचा फोन जुना नाही, तो गेलाय," निखिल म्हणाला. "गेलेल्याला तुम्ही जेवू घालताय."

"तुह्या कंपनीत हेच शिकवतात का गा? चालते त्याले मेलं म्हणाचं? धागा तुटला म्हणून कोणी माग..."

"माग कुठे उरलाय, बाबा? आजोबांचा माग तुम्हीच भंगारात दिला ना?"

कारखान्यात पगारी नोकरी लागली त्या वर्षी बारापात्रेजींनीच उमरेडचा माग विकला होता आणि त्यांचे वडील कित्येक दिवस नीट जेवले नव्हते, हे नलूताईनं मला मागे एकदा सांगितलं होतं. आजोबांच्या जेवणाचं निखिलला ठाऊक नसणार, नाहीतर तो बोलला नसता. त्याचा घाव वर्मी बसला. बारापात्रेजी उठले, फोनचा रबर बँड नीट केला आणि बाहेर निघून गेले. नवा फोन खोक्यासकट नलूताईच्या कपाटात साड्यांच्या खाली गेला. पोरगा दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला आणि त्यानंतर बाप-लेकांचं बोलणं बंद झालं.

काही महिने असेच गेले. मग एक दिवस नलूताई डोळे सुजलेले घेऊन माझ्याकडे आली. निखिलला पुण्यातली एक मुलगी आवडली होती, मृणाल नावाची. त्यानं आईला सांगितलं आणि बापाला मेल लिहिला, कारण बापाला दुसरं काही चालत नाही. मला तुमचं उत्तर तुमच्याकडून हवं, आईकडून नको, असं त्यानं लिहिलं होतं. त्याला पंधरवडा होऊन गेला, तरी उत्तर आलं नव्हतं. म्हणून निखिलनं आईला सांगितलं की बाबांचं उत्तर कळलं, पुढच्या शुक्रवारी आम्ही पुण्यात नोंदणी करतोय, तुला यायचं तर ये.

"त्यायले विचारलं मी, उत्तर काहून नाही दिलं?" नलूताई म्हणाली. "तं म्हणते, दिलं, त्याच दिवशी दिलं. पोट्टं म्हणते, आलंच नाही. मंग म्हटलं, आता फोन करा ना त्याले, तोंडानं सांगा. तं म्हणते, काहून सांगू? माहा मेल गेला आहे. दुसऱ्यांदा सांगतलं तं माहा फोन चालत नाही, असं होईन ना!"

मी कपाळावर हात मारला. मुलाच्या लग्नाला बापाचा एक होकार हवा होता आणि बाप तो दुसऱ्यांदा उच्चारायला तयार नव्हता, कारण त्यानं फोनची इज्जत गेली असती. मला इतका राग आला की बाकाच्या भांडणाचा रागही त्यात येऊन मिसळला. मी म्हटलं, "ताई, हा माणूस खोटं बोलतोय. त्यानं मलाही मेल केला नव्हता आणि पोरालाही केला नाही." नलूताई म्हणाली, "ते डोकं खाते, पण खोटं नाही बोलत." आणि उठून गेली.

दोन दिवसांनी माझ्या मेलची जागा भरली. नवीन मेल घ्यायचा तर जुने काढून टाका, अशी सूचना आली. माझा घरचा कॉम्प्युटर मेल पाठवल्याच्या तारखेप्रमाणे रचतो. सगळ्यात जुने सगळ्यात खाली. मी तळाशी गेले आणि खालून एकेक पुसत सुटले. पुसता पुसता एका ठिकाणी बोट थांबलं. पाठवणारे प्र. वा. बारापात्रे. तारीख अकरा वर्षांपूर्वीची. अकरा वर्षांपूर्वी तर मी बारापात्रे हे आडनावसुद्धा ऐकलेलं नव्हतं.

उघडून पाहिला. मोकळ्या जागेवर वृद्धांसाठी एक बाक बसवण्याचे योजिले आहे, आपले मौन म्हणजे संमती समजतो. त्याच्या वर आणखी एक, कोपऱ्यावरचा दिवा लागत नाही म्हणून. आणखी एक, बाकाबद्दल गैरसमज झाला असल्यास दिलगीर आहे. हा तिसरा मेल वाचून मला फार लाज वाटली. तो माणूस माझी माफी मागून मोकळा झाला होता आणि मी कित्येक आठवडे भिंतीकडे पाठ करून तुळशीला पाणी घालत होते.

मी चपला न घालताच त्यांच्याकडे गेले. बारापात्रेजी डब्यासमोर बसले होते. नलूताई पुण्याची बॅग भरत होती, एकटीची. मी सांगितलं की तुमचे मेल सापडले. सगळे पोचलेत. फक्त फोनची तारीख अकरा वर्षं मागची, म्हणून ते अकरा वर्षं खाली जाऊन पडलेत. निखिलचाही तिथेच कुठेतरी असणार.

मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा उतरेल. तो उजळला!

"म्हणजे पोचले!" ते उठून उभे राहिले. "नलू, पोचले! मी म्हणलं होतं ना? माहा फोन चालते!"

नलूताईनं हातातली साडी बॅगेत आपटली. "तुमचा फोन चालते! तुमचं काय चालते ते सांगा ना! पोट्ट्याचं लग्न अकरा वर्षं मांगं जाऊन लागलं का? तिकडं ते कोर्टात जाऊन उभं राहीन आन् तुम्ही इकडं फोनची आरती करा!"

मी निखिलला नलूताईच्या फोनवरून फोन लावला आणि आवाज मोठा केला. त्याला सांगितलं, मेल उघड आणि पार तळाशी जा, कॉलेजातले मेल दिसतील तिथपर्यंत. तो आधी वैतागला. बापाचं नाव टाकून शोधून झालंय, म्हणाला, वरती सगळं जुनंच आहे. मी म्हटलं, वर बघू नको, खाली बघ. मग माउसची टिकटिक ऐकू यायला लागली. खाली जात असावा. बारापात्रेजी देवघराच्या फळीवर हात ठेवून उभे होते.

"सापडला," निखिल म्हणाला.

"वाच," नलूताई म्हणाली.

बारापात्रेजींच्या फोनवर मराठी अक्षरांचे चौकोन होत. म्हणून ते मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत लिहायचे, तोही कारखान्यातल्या मेमोच्या थाटात. निखिल अडखळत वाचायला लागला. "विषय, विवाह. तुझा प्रस्ताव मंजूर. मुलगी तू पाहिली म्हणजे मी पाहिली. तिला सांबारवडी चालते का विचारणे, आई करेल. मागाबद्दल तू बोलला ते खरे आहे. माग मी विकायला नको होता. फोन करण्याची आवश्यकता नाही, याच मेलवर कळवावे. प्र. वा. बारापात्रे."

मग निखिल म्हणाला, "बाबा..."

"पोचला ना?" बारापात्रेजी म्हणाले. अजूनही! मला त्यांना धरून हलवावंसं वाटलं. माझ्याआधी नलूताई पुढे झाली. तिनं आपला फोन त्यांच्या हातात कोंबला. "पोचला! जिंकला तुमचा फोन! आता तुम्ही बोला."

त्यांनी तो फोन दोन्ही हातांत धरला. शेवटी म्हणाले, "हाव म्हणलं होतं तवा. आता बी हाव म्हणतो, बेटा." आणि फोन नलूताईला परत देऊन ते देवघराखाली वाकून डब्याची वायर तपासायला लागले. वायरीला काहीही झालं नव्हतं. मी डोळे पुसत घरी आले.

नोंदणी पुण्यात झाली, दोघंही गेले. रिसेप्शन इथे एका लॉनवर झालं. बारापात्रेजी नवा सफारी घालून खिशात तोच फोन घेऊन फिरत होते आणि प्रत्येकाचा फोटो काढत होते. ते सगळे फोटो अकरा वर्षांपूर्वीचे, म्हणजे निखिल कॉलेजात होता तेव्हाचे. मृणाल गोड मुलगी आहे. जेवणाच्या रांगेत ती मला हसत म्हणाली, "काकू, हे आता रोज सकाळी उठले की चहाच्या आधी मेल उघडतात आणि थेट तळाशी जातात. बाबांनी काही लिहिलं असेल तर, म्हणतात. मग वर येतात आणि ऑफिसचं बघतात. वेळ लागतो खूप. बसमध्ये उभ्या उभ्या करतात कधीकधी."

बारापात्रेजी माझ्या मागेच ताट घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं. मी वाट बघितली की आता ते खिशावर पंजा ठेवतील. त्यांनी ठेवला नाही. ताटातली कोथिंबीर भरलेली सांबारवडी तशीच ठेवून ते बराच वेळ स्टेजवर उभ्या असलेल्या पोराकडे बघत राहिले.

पुढच्या वर्षी आम्ही ते घर विकून मुलीकडे नाशिकला जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी नलूताईचा निरोप घ्यायला गेले. ओटी भरायला साडी काढावी म्हणून तिनं कपाट उघडलं. साड्या ओढताना त्यांच्या खालचं फोनचं खोकं निसटून फरशीवर पडलं आणि झाकण उघडलं. आत काही नव्हतं.

मी नलूताईकडे पाहिलं. "उंदरानं नेला वाटते," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. मग दार हळूच लोटून कुजबुजली, "लॉनवरून आल्यावर दुसऱ्याच दिवशी नेला त्यायनं. मले म्हणते, निखिलले सांग, आता तळाशी जात जाऊ नको, मी वरतून येईन. पण तू मले इचारू नको कसा. म्हणून मी इचारलं नाही."

बारापात्रेजी घरात नव्हते. बाकावर आहेत, असं कळलं म्हणून मी तिकडे गेले. ऊन उतरलं होतं. ते बाकाच्या टोकाला पाठ ताठ करून बसले होते. कानाला तोच जाड काळा फोन, रबर बँडसकट. आणि शर्टाच्या वरच्या खिशातून निखिलचा आवाज येत होता. अगदी स्वच्छ. तो मृणालबद्दल काहीतरी सांगत होता, तिला उलट्या होताहेत, डॉक्टरांकडे नेलं होतं, काळजीचं नाही, आनंदाचं आहे, बाबा.

बारापात्रेजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि काळा फोन त्यांनी कानाला घट्ट दाबून धरला होता. त्याच्या पडद्यावर अंधार होता. मला पाहून ते दचकले, पण फोन खाली घेतला नाही.

"हॅलो? बाबा? ऐकू येतंय ना?" खिसा म्हणाला.

बारापात्रेजींनी माझ्याकडे बघत कानाच्या फोनवर हात ठेवला. "पाहा वहिनी," ते म्हणाले, "चालते की नाही?"

"चालते जी," मी म्हटलं. "आवाजही साफ येते."